मनोऱ्याचे गणित आणि तारेचे गणित: सार्वजनिक वाहिनी इंटरनेटवरून एचडीमध्ये कशी पोहोचवावी

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचे गणित सोपे होते. त्यातून निघालेला सिग्नल दहा घरांनी घेतला काय किंवा दोन लाख घरांनी घेतला काय, प्रक्षेपकाला वीज तेवढीच लागत असे आणि प्रसारकाच्या खर्चात एका रुपयाचीही भर पडत नसे. उपग्रहाचेही तसेच आहे, म्हणूनच डीडी फ्री डिशवर महिन्याचे भाडे न घेता वाहिन्या देता येतात. इंटरनेटवर मात्र प्रत्येक प्रेक्षकाला त्याची स्वतंत्र प्रत पाठवावी लागते, आणि प्रेक्षक जितके वाढतील तितके बिल वाढते. लोकप्रिय कार्यक्रम मनोऱ्याला परवडत होता. तारेवर तोच कार्यक्रम प्रसारकाला जड जाऊ शकतो.

दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग भूप्रक्षेपण केंद्रे 2022 पर्यंत बंद झाली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये प्रसार भारतीने वेव्हज हे स्वतःचे ओटीटी व्यासपीठ सुरू केले. म्हणजे सार्वजनिक प्रसारणाने इंटरनेटवर जावे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न कसे जावे हा आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर शोधताना एकच कसोटी सतत समोर ठेवावी लागते: प्रेक्षक वाढले तरी खर्च त्या प्रमाणात वाढू नये आणि सर्वांत कमी वेग असलेल्या घरातले चित्र अडकू नये. पुढची प्रत्येक पायरी या कसोटीवर तपासून लिहिली आहे. हा लेख प्रादेशिक केंद्रांतले अभियंते, ब्रॉडबँड देणारे स्थानिक केबलचालक आणि या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून आपण एकच कार्यक्रम धरून चालू: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात निघणारी मारबतींची, म्हणजे रोगराई आणि वाईटाचे प्रतीक म्हणून काढल्या जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. इतवारी आणि महालच्या अरुंद रस्त्यांवरची गर्दी, बडगे (टीकेसाठी केलेले पुतळे), ढोलताशे, गुलाल, आणि हजारो तोंडांतून एकदम उठणारी ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी. दृश्य जितके देखणे तितकेच ते यंत्राला अवघड, आणि म्हणूनच सरावासाठी उत्तम.

पायरी पहिली: आधी कागदावर हिशेब

यंत्रसामग्रीची यादी करण्यापूर्वी प्रेक्षकसंख्या आणि बिटरेट (चित्रासाठी दर सेकंदाला जाणारी माहिती) यांचा गुणाकार मांडावा. 2011 च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाखांच्या थोडी वर होती. त्यातल्या 50,000 घरांनी एकाच वेळी मिरवणूक लावली आणि प्रत्येकाला सरासरी 4 एमबीपीएसचा प्रवाह गेला, तर एकूण मागणी 200 जीबीपीएस होते. तासाभरात 90,000 जीबी, म्हणजे 90 टेराबाइट माहिती जाते. हा आकडा एका केंद्राच्या एका जोडणीवरून भागण्यासारखा नाही, आणि सगळा बाहेरच्या वितरण कंपनीकडून विकत घेतला तर जितकी मिरवणूक लोकांना आवडेल तितका खर्च चढत जाईल.

दुसरा हिशेब प्रेक्षकाच्या खिशाचा करावा, कारण तो बहुतेक वेळा राहूनच जातो. मोबाइलवर रोज दीड जीबी डेटा मिळणाऱ्या माणसाने 6.5 एमबीपीएसचे पूर्ण एचडी चित्र लावले, तर त्याचा दिवसाचा डेटा अर्ध्या तासात संपतो. तेच चित्र त्याने 360 रेषांत, म्हणजे कमी तपशिलाच्या चित्रात, आवाजासह सुमारे 0.86 एमबीपीएसवर पाहिले, तर तोच डेटा पावणेचार तासांहून अधिक पुरतो. सार्वजनिक वाहिनीच्या ॲपमध्ये डेटा वाचवण्याचे बटण पहिल्याच पडद्यावर असावे असा माझा आग्रह याच आकड्यांमुळे आहे.

पायरी दुसरी: चित्र रस्त्यावरून केंद्रात सुरक्षित आणणे

कॅमेऱ्यातून एसडीआय या व्यावसायिक व्हिडिओ केबलवर येणारे एचडी चित्र 1.485 जीबीपीएसचे असते. ते जागेवरच दाबून, 15 ते 20 एमबीपीएसच्या चांगल्या दर्जाच्या प्रवाहात, केंद्राकडे पाठवावे लागते. त्यासाठी एसआरटी हा प्रोटोकॉल (माहिती पाठवण्याची ठरलेली पद्धत) वापरावा. तो 2017 पासून सर्वांसाठी खुला आहे, वाटेत हरवलेले पॅकेट, म्हणजे माहितीचे पुडके, पुन्हा मागवतो आणि साध्या इंटरनेटवर चालतो. त्यात थांबण्याचा कालावधी ठरवताना पॅकेट केंद्रापर्यंत जाऊन-येण्याच्या वेळेच्या किमान चौपट आकडा धरण्याचा प्रघात आहे. गर्दीच्या ठिकाणाहून पाठवताना मी तो एक ते दोन सेकंदांपर्यंत नेतो. मिरवणूक दोन सेकंद उशिरा दिसली तरी कोणाचे काही बिघडत नाही, चित्र फाटले तर मात्र बिघडते.

मोबाइलच्या सिमवर विसंबू नये. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा मारबतीच्या दिवशी इतवारीत, लाखो फोन एकाच वेळी त्याच टॉवरशी बोलत असतात, आणि सकाळी चाचणीत उत्तम चाललेले सिम दुपारी बारा वाजता मान टाकते. वेगवेगळ्या कंपन्यांची चार-सहा सिमकार्डे एकत्र बांधणारे उपकरण दुय्यम मार्ग म्हणून ठेवावे. मुख्य मार्ग म्हणून एखाद्या दुकानातून किंवा गच्चीवरून आठवडाभर आधी फायबर घ्यावा.

फायबर दोन घेतले म्हणजे काम झाले असेही नाही. दोन कंपन्यांच्या तारा पुष्कळदा एकाच चरातून जातात, आणि रस्त्याच्या सिमेंटीकरणासाठी आलेले जेसीबी एका फटक्यात दोन्ही तोडते. हे मी स्वतः पाहिले आहे: करारात ‘दोन स्वतंत्र मार्ग’ लिहिलेले होते, आणि प्रत्यक्षात दोन्ही तारा चौकातल्या एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी तुटून पडल्या होत्या. त्यामुळे कंपनीकडून प्रत्यक्ष मार्गाचा नकाशा मागावा आणि शक्य झाले तर तो मार्ग दुचाकीवरून फिरून पाहावा.

उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांसाठी आणखी एक गोष्ट. नागपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला एन्कोडर (चित्र दाबणारे यंत्र) तापला की स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि फ्रेम गाळू लागतो. पडद्यावर चित्र दर काही सेकंदांनी किंचित ठेचकाळते आणि सगळे जण नेटवर्कला दोष देत बसतात. असे दिसले की पहिल्यांदा यंत्राचे तापमान बघावे. कूलरची हवा थेट यंत्रावर सोडू नये, कारण तिच्यातली ओल सर्किटला घातक असते. यंत्र सावलीत, उंचावर, मागची बाजू मोकळी ठेवून बसवावे आणि साधा पंखा लावावा.

पायरी तिसरी: अर्ध्या रेषांचे पूर्ण चित्र

आपल्याकडे प्रसारणाचे एचडी चित्र बहुधा गुंफलेल्या स्वरूपात येते: सेकंदाला 50 क्षेत्रे, प्रत्येकात अर्ध्या रेषा. फोन आणि संगणक यांचे पडदे पूर्ण फ्रेमचे असतात, म्हणून ही गुंफण आधी सोडवावी लागते. येथे सर्रास होणारी चूक अशी की दोन क्षेत्रे एकत्र करून सेकंदाला 25 फ्रेम बनवल्या जातात. बातमीदाराच्या चेहऱ्यावर ही चूक कळत नाही. पण ढोलावर पडणारी काठी, धावणारा फलंदाज किंवा लावणीतली गिरकी यांची हालचाल तुटक दिसू लागते. गुंफण सोडवून 50 पूर्ण फ्रेम काढाव्यात. एफएफएमपेग या मुक्त व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये यासाठी बीडब्ल्यूडीआयएफ हा फिल्टर आहे आणि मध्यम ताकदीच्या सर्व्हरवर तो थेट प्रक्षेपणाच्या वेगाने चालतो.

यातूनच माझे एक ठाम मत बनले आहे. बिटरेट हात राखून वापरायचा असेल तर सेकंदाला 25 फ्रेमच्या 1080 रेषांपेक्षा 50 फ्रेमच्या 720 रेषा केव्हाही चांगल्या. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने (ईबीयू) एचडीच्या सुरुवातीच्या काळात याच स्वरूपाची शिफारस केली होती, आणि जर्मनीतल्या एआरडी व झेडडीएफ या सार्वजनिक प्रसारकांनी उपग्रहावरून वर्षानुवर्षे 720 रेषांतच एचडी दिले. पाकिटावर छापण्यासाठी 1080 हा आकडा मोठा दिसतो. मिरवणूक पाहणाऱ्या डोळ्याला मात्र हालचाल सलग हवी असते.

जुन्या संग्रहातल्या फितींबद्दल थोडक्यात: 576 रेषांचे चित्र ताणून त्याला एचडी म्हणू नये. ते मूळ 4:3 आकारात, चांगली गुंफण सोडवून, आहे तसे द्यावे.

पायरी चौथी: बिटरेटची शिडी

एकाच चित्राच्या वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती एकाच वेळी तयार करायच्या आणि प्रेक्षकाच्या प्लेअरने जोडणीच्या वेगानुसार वर-खाली चढावे-उतरावे, या पद्धतीला आपण शिडी म्हणतो. मारबतीसाठी मी अशी शिडी लावेन:

1080 रेषा, 50 फ्रेम: 6.5 एमबीपीएस
720 रेषा, 50 फ्रेम: 4 एमबीपीएस
540 रेषा, 25 फ्रेम: 1.8 एमबीपीएस
360 रेषा, 25 फ्रेम: 0.8 एमबीपीएस
216 रेषा, 25 फ्रेम: 0.35 एमबीपीएस
फक्त आवाज: 64 केबीपीएस

स्टुडिओतल्या चर्चेला याच्या निम्मे बिट पुरतात, कारण मागची भिंत हलत नाही आणि एन्कोडरला दर फ्रेममध्ये फक्त ओठ आणि हात पाठवायचे असतात. मिरवणुकीत मात्र एकही कोपरा स्थिर नसतो. उडालेल्या गुलालाचा प्रत्येक कण यंत्राच्या दृष्टीने नवी माहिती असते, आणि बिट कमी पडले की नेमक्या त्याच क्षणी आकाशाचे चौकोनी ठोकळे होतात. म्हणून शिडी ठरवताना स्टुडिओची नव्हे, गेल्या वर्षीच्या मिरवणुकीची फीत चाचणीला घ्यावी. व्हीएमएएफसारखे चित्राच्या दर्जाचे मोजमाप जरूर काढावे, पण शेवटचा निर्णय 43 इंची पडद्यासमोर, नेहमीच्या अंतरावर बसून, डोळ्यांनी घ्यावा.

वरच्या पायऱ्यांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष खालच्या तीन पायऱ्यांवर द्यावे. त्या बहुतेक ठिकाणी उरकून टाकलेल्या असतात. काटोल किंवा उमरेडच्या एखाद्या शेतघरात, नेटवर्कची एकच रेघ असलेल्या फोनवर यांतलीच एखादी पायरी म्हणजे वाहिनी असते. तेथे चित्र लहान असले तरी चालते. आवाज तुटलेला मात्र चालत नाही. चित्र परवडेनासे झाले की प्लेअरने आवाज चालू ठेवावा आणि पडद्यावर एक स्थिर छायाचित्र दाखवावे. बातम्या आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनातली भाषणे अशा वेळी आकाशवाणीसारखी ऐकता येतात.

आवाजाची पातळीही येथेच बांधावी. ईबीयूच्या आर 128 या शिफारशीत उणे 23 एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचे एकक) ही सरासरी दिली आहे. फोनच्या लहान स्पीकरसाठी थोडी चढी पातळी लागते, पण सर्व कार्यक्रमांत ती सारखी असली पाहिजे. ढोलताशांवरून थेट निवेदकावर आल्यावर घरातल्या माणसाला रिमोट शोधावा लागू नये.

कोणता कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) वापरावा, यावर वाद पुष्कळ होतात. एचईव्हीसी 2013 पासून आहे आणि तेवढ्याच दर्जाला बिट बरेच कमी लागतात, पण त्याच्या परवान्यांची गुंतागुंत आहे. एव्ही1 हा 2018 चा, परवानाशुल्क नसलेला कोडेक सार्वजनिक प्रसारकाच्या वृत्तीला जवळचा आहे, पण जुन्या संचांत तो चालत नाही. त्यामुळे थेट प्रक्षेपणाची पूर्ण शिडी एच.264 या जुन्या, जवळजवळ सर्वत्र चालणाऱ्या कोडेकमध्येच द्यावी. मागाहून पाहण्याच्या कार्यक्रमांत, ज्या उपकरणांना जमते त्यांच्यासाठी, नव्या कोडेकच्या प्रती जोडाव्यात. एच.264 मध्येही एक खाच आहे: 1080 रेषा आणि 50 फ्रेम यांना लेव्हल (संचाला किती भार झेपतो याची श्रेणी) 4.2 लागते, आणि बरेच जुने संच 4.1 वरच थांबतात. 720 रेषा आणि 50 फ्रेम 3.2 मध्ये बसतात. त्यामुळे संच कोणता आहे हे कळले नाही तर प्लेअरने 720 च्या पुढे जाऊ नये.

पायरी पाचवी: तुकडे

शिडीची प्रत्येक प्रत काही सेकंदांच्या तुकड्यांत कापली जाते आणि तुकड्यांची यादी सतत अद्ययावत होत राहते. ॲपलने 2009 मध्ये आणलेले एचएलएस आणि 2012 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेले डॅश या त्याच्या दोन पद्धती आहेत. सीमॅफ या सामाईक स्वरूपात तुकडे केले की तेच तुकडे दोन्हींना चालतात आणि साठवण दुप्पट होत नाही. तुकडा 4 सेकंदांचा ठेवावा आणि की-फ्रेम (आधीच्या फ्रेमवर न विसंबणारी पूर्ण फ्रेम) दर 2 सेकंदांनी, म्हणजे 50 फ्रेमच्या प्रतीत दर 100 फ्रेमनंतर, काटेकोरपणे बसवावी. दृश्य बदलताच नवी की-फ्रेम घालण्याची एन्कोडरची सवय बंद करावी. सर्व प्रतींतल्या की-फ्रेम एकाच क्षणी पडल्या नाहीत तर पायरी बदलताना चित्र उडी मारते.

या पद्धतीत प्रेक्षक प्रत्यक्ष घटनेच्या 15 ते 30 सेकंद मागे असतो. कमी विलंबाच्या नव्या पद्धती आहेत, पण त्या वाटेतल्या प्रत्येक कॅशकडून (तुकडे साठवून वाटणाऱ्या सर्व्हरकडून) अधिक काम करून घेतात आणि अस्थिर जोडणीवर चित्र लवकर अडकवतात. क्रिकेटचा सामना असेल तर शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू येतो, हे खरे आहे. इतर सर्व कार्यक्रमांत विलंब सहन करून स्थैर्य घ्यावे.

पायरी सहावी: वस्तीतली टाकी

नागपूरला पाणी पेंचहून येते. पण पेंचपासून प्रत्येक घरापर्यंत वेगळी नळी कोणी टाकलेली नाही. मोठ्या वाहिनीने पाणी वस्तीवस्तीतल्या जलकुंभात येते आणि तेथून घरोघरी जाते. इंटरनेटवरच्या वाहिनीचेही असेच करावे लागते. प्रेक्षकाला सेवा देणाऱ्या स्थानिक ब्रॉडबँड कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये आपला एक सर्व्हर ठेवायचा. त्याला कॅश म्हणतात. फरक एवढाच की टाकीतले पाणी वापरून संपते आणि कॅशमधला तुकडा कितीही घरांनी नेला तरी संपत नाही.

आता पहिल्या पायरीतला हिशेब पुन्हा मांडू. समजा ती 50,000 घरे दहा स्थानिक सेवादारांकडे विभागलेली आहेत आणि प्रत्येकाकडे एक कॅश आहे. संपूर्ण शिडीची बेरीज, आवाजासह, सुमारे 14 एमबीपीएस होते. केंद्राला दहा ठिकाणी ती एकेकदाच पाठवावी लागते, म्हणजे एकूण 140 एमबीपीएस. दोनशे जीबीपीएसच्या जागी 140 एमबीपीएस. मनोऱ्याच्या गणिताच्या इतके जवळ नेणारा दुसरा व्यवहार्य मार्ग आज माझ्या माहितीत नाही. खासगी व्हिडिओ कंपन्या हेच करतात. नेटफ्लिक्स 2012 पासून स्वतःचे सर्व्हर सेवादारांच्या जागेत ठेवत आली आहे.

सर्व्हरही अवाढव्य लागत नाही. थेट वाहिनीत दोन तास मागे जाण्याची सोय ठेवली तरी 14 एमबीपीएसच्या हिशेबाने साठवण 12.6 जीबी होते, म्हणजे 32 जीबी मेमरीच्या यंत्रात सारे तुकडे मेमरीतच राहतात आणि डिस्कला हात लावावा लागत नाही. अडचण नेटवर्क कार्डाची असते: 5,000 प्रेक्षकांना 4 एमबीपीएसने 20 जीबीपीएस लागतात, त्यामुळे 25 जीबीपीएसचे कार्ड घ्यावे.

कॅश मांडताना दोन सेटिंग विसरल्याने मोठमोठी प्रक्षेपणे कोसळलेली आहेत, म्हणून येथे थोडे थांबतो. दर 4 सेकंदांनी नवा तुकडा तयार होतो आणि हजारो प्लेअर तो जवळजवळ एकाच क्षणी मागतात. कॅशमध्ये तो अजून आलेला नसतो, म्हणून बेसावध कॅश प्रत्येक मागणी मागे मूळ सर्व्हरकडे ढकलते आणि मूळ सर्व्हर त्या लोंढ्याखाली बसतो. एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रॉक्सी कॅश लॉक’ चालू केले की पहिली मागणी तेवढी मागे जाते, बाकीच्या क्षणभर थांबतात आणि आलेला तुकडा सर्वांना वाटला जातो. दुसरे सेटिंग यादीचे. तुकडे एकदा बनले की बदलत नाहीत, ते तासन् तास ठेवता येतात. यादी मात्र दर 4 सेकंदांनी बदलते, म्हणून तिचे आयुष्य 1 ते 2 सेकंदच ठेवावे. ते चुकून मिनिटभर ठेवले गेले तर प्लेअर जुनीच यादी वाचत राहतो आणि त्या परिसरातल्या सर्व घरांतले चित्र एकाच वेळी गोठते.

स्थानिक सेवादाराला यासाठी राजी कसे करावे? केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा, 1995 मधल्या कलम 8 मुळे केबलचालकांना दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवाव्याच लागतात, पण इंटरनेटसाठी तशी सक्ती नाही. येथे त्याच्या फायद्याची भाषा बोलावी. तो बाहेरून विकत घेत असलेली बँडविड्थ कॅशमुळे वाचते आणि त्याच्या ग्राहकाकडे चित्र अडकत नाही, म्हणजे तक्रारीचे फोन कमी येतात. सर्व्हर आपला, देखभाल आपली, त्याने फक्त रॅकमध्ये जागा, वीज आणि थंड हवा द्यावी, असा करार साध्या मराठीत दोन पानांत करावा. पूर्वी गल्लीत केबल ओढणाऱ्या ज्या मंडळींनी आता फायबर टाकला आहे, त्यांना आपल्या वस्तीची जितकी माहिती असते तितकी कोणत्याही मोठ्या कंपनीला नसते. ज्या सेवादारांकडे कॅश बसली नाही, त्यांच्यासाठी आणि मोबाइलसाठी बाहेरची वितरण सेवा घ्यावी, पण दोन कंपन्यांची.

खर्च प्रेक्षकांवरच वाटून टाकण्याचा पीअर टू पीअर (एका प्रेक्षकाच्या यंत्राने दुसऱ्याला प्रत पाठवण्याचा) मार्गही सार्वजनिक प्रसारकांनी चाचपून पाहिला आहे. बीबीसीच्या आयप्लेअरची डाउनलोड सेवा सुरुवातीला त्याच तंत्रावर होती आणि नॉर्वेच्या एनआरकेने 2008 मध्ये एक संपूर्ण मालिका बिटटोरंटवर मोकळी केली. मागाहून पाहण्याच्या, कोणाचाही हक्क न अडकलेल्या कार्यक्रमांसाठी तो मार्ग आजही चांगला आहे. थेट प्रक्षेपणात, मोबाइल डेटावर असलेल्या प्रेक्षकाच्या खात्यातून त्याच्या नकळत दुसऱ्याला प्रत पाठवणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते करूच नये.

मल्टिकास्ट हा खरे तर मनोऱ्याचाच तारेवरचा अवतार: जाळ्यात एकच प्रत सोडायची आणि जिथे फाटा फुटतो तिथे राउटरने तिच्या प्रती काढायच्या. त्याचे मूळ मानक 1989 चे आहे. सार्वत्रिक इंटरनेटवर तो चालत नाही, पण एकाच सेवादाराच्या जाळ्याच्या आत चालू शकतो, आणि तुकड्यांच्या पद्धतीशी त्याची सांगड घालणारे डीव्हीबी या डिजिटल प्रसारणाची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे मानकही तयार आहे. ज्या सेवादाराकडे कॅश उत्तम चालली आहे, त्याच्याशी पुढचे बोलणे याविषयी करावे.

पायरी सातवी: संच, आणि पडद्यावरची मराठी

चाचणी नव्या फोनवर करू नये. पाच-सहा वर्षांपूर्वीचा, कमी मेमरीचा 32 इंची स्मार्ट टीव्ही मिळवावा, तो घराच्या वायफायवर, राउटरपासून दोन भिंती दूर ठेवावा आणि त्यावर सलग तीन तास वाहिनी चालवावी. पहिल्या अर्ध्या तासात न दिसणारा दोष, म्हणजे मेमरी हळूहळू भरून ॲप बंद पडणे, तिसऱ्या तासात दिसतो.

मराठी उपशीर्षके हा जिव्हाळ्याचा विषय आहे. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाचा सार्वजनिक वाहिनीवर इतरांइतकाच हक्क आहे, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 माध्यमांच्या सुगम्यतेची अपेक्षा करतो. उपशीर्षकांची वेबव्हीटीटी फाइल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात जतन केली तरी काही संचांत देवनागरी मोडून दिसते: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरांत हलन्त उघडा पडतो आणि ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र नाहीसा होतो. ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘हृदय’ आणि ‘क्षितिज’ एवढे पाच शब्द चाचणीच्या फाइलमध्ये घालावेत. ते नीट उमटले तर बाकीचे बहुतेक उमटते. संचाच्या फॉन्टवर अवलंबून न राहता ॲपबरोबर स्वतःचा मुक्त परवान्याचा फॉन्ट पाठवावा. तरीही ज्या संचात अक्षरे मोडतात, त्याला उपशीर्षके चित्रातच उमटवलेली एक वेगळी प्रत द्यावी.

पायरी आठवी: हक्क आणि नोंदणी

केंद्राने स्वतः चित्रित केलेल्या मिरवणुकीला कुलूप लावण्याचे कारण नाही. डीआरएम हे नक्कल रोखणारे डिजिटल कुलूप लावले की जुन्या संचांत एचडी मिळत नाही आणि ज्यांनी कर भरला तेच बाहेर राहतात. विकत घेतलेला चित्रपट किंवा क्रीडास्पर्धा यांची गोष्ट वेगळी. 2007 च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे सिग्नल प्रसार भारतीला मिळतात, पण ते भूप्रक्षेपणासाठी आणि तिच्या डीटीएचसाठी; इंटरनेटवर तो सामना दाखवण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. अशा वेळी प्रवाहाच्या जागी काळा पडदा न ठेवता, सामना फ्री डिशवर कोणत्या वाहिनीवर आहे हे स्पष्ट सांगणारी पाटी आणि पर्यायी कार्यक्रम तयार ठेवावा. मिरवणुकीत वाजणाऱ्या चित्रपटगीतांचाही हक्क असतो. तो करार आधी तपासावा, नाहीतर मागाहून पाहण्याच्या प्रतीत आवाजच बंद करावा लागतो.

थेट वाहिनी पाहण्यासाठी फोन नंबर मागू नये. मनोऱ्याने कधी कोणाचे नाव विचारले नव्हते, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर जी माहिती घेतलीच नाही तिची जबाबदारीही येत नाही.

पायरी नववी: रंगीत तालीम आणि त्यानंतरचे दोन दिवस

मिरवणुकीच्या आठवडाभर आधी, त्याच यंत्रांवर, त्याच तारांवर, संपूर्ण तालीम घ्यावी. तिच्यात मुद्दाम बिघाड करावेत: मुख्य फायबर उपटावा, एक एन्कोडर बंद करावा, एका कॅशची वीज काढावी, आणि प्रत्येक वेळी पडद्यावर काय दिसते व किती सेकंदांत चित्र परत येते याची वहीत नोंद करावी. कोणत्या क्षणी कोणी कोणाला फोन करायचा, याची यादी भिंतीवर चिकटवावी. ज्याच्याकडे किल्ली आहे त्या रात्रपाळीच्या माणसाचा नंबरही तिच्यात असावा.

प्रत्यक्ष दिवशी चार आकडे डोळ्यांसमोर हवेत: चित्र सुरू व्हायला लागणारा वेळ, पाहण्याच्या एकूण वेळापैकी अडकून गेलेला वेळ, प्रेक्षक शिडीच्या कोणत्या पायरीवर आहेत, आणि चित्र सुरूच न झालेल्या प्रयत्नांची संख्या. हे चारही आकडे व्यक्तीगणिक नकोत, सेवादारागणिक हवेत. शहराची सरासरी पाहून समाधान मानू नये, कारण सरासरीत धरमपेठेतला 200 एमबीपीएसचा फायबर शहराबाहेरच्या वस्तीतल्या कमकुवत जोडणीला झाकून टाकतो. सर्वांत वाईट अनुभव असलेला दहावा हिस्सा वेगळा काढावा आणि त्याचाच आलेख मोठ्या पडद्यावर ठेवावा.

मिरवणूक संपल्यावर दुसऱ्या दिवशी त्या दहाव्या हिश्शातले सेवादार ओळखून एकेकाला फोन करावा. बहुतेक वेळा कारण साधे निघते: कॅश आहे पण त्याच्या एका उपनगरी शाखेची वाहतूक मुंबईमार्गे फिरून येते आहे, किंवा जुन्या स्विचचे 1 जीबीपीएसचे पोर्ट भरले आहे आणि ते 10 चे करणे त्याच्या मनात असूनही राहून गेले आहे. अशा ठिकाणी पत्र पाठवून वाट पाहण्यापेक्षा सुटे एसएफपी मॉड्यूल (स्विचच्या पोर्टमध्ये बसणारा जोड) आणि पॅच कॉर्ड बॅगेत टाकून स्वतः जावे, बदल करावा, आणि निघण्यापूर्वी त्याच वस्तीतल्या एखाद्या घरी बसून, त्यांच्याच संचावर, दहा मिनिटे वाहिनी लावून पाहावी.